स्वस्त लॅन कार्ड आणि डोंगल: चिप ओळखा, ड्रायव्हर बसवा, नाहीतर वेळेत फेकून द्या

लॅन कार्डाच्या खोक्यावरचं नाव इंटरनेटवर टाकून ड्रायव्हर (सिस्टीमला कार्ड चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर) शोधायला बसलात, की संध्याकाळ गेली म्हणून समजा. ते नाव बहुतेक वेळा आयात करणाऱ्याचं असतं. त्याची वेबसाइट सापडली तर नशीब, आणि सापडली तरी डाउनलोडच्या पानावर विंडोज एक्सपीचा ड्रायव्हर पडलेला. कार्डावर खरं काम करते ती मधली काळी चिप, आणि ती बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत. वायरच्या कार्डांत तैवानची रिअलटेक सगळ्यांच्या पुढे. यूएसबी अडॅप्टरांत रिअलटेक, एसिक्स आणि दाविकॉमच्या जुन्या चिपच्या नकला. वायफाय डोंगलांत बहुधा रिअलटेक किंवा मीडियाटेक. चिप कळली की ड्रायव्हर कुठला, दोष कुठला आणि माल ठेवायचा की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं हाताशी येतात.

घरच्या पीसीचा ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डवरच असलेला, लॅन वळवाच्या विजेत उडालाय, दुकानातल्या बिलिंग मशीनचं नेट मध्येच तुटतंय, शाळेच्या लॅबमधल्या जुन्या मशीनना कार्डं टाकायची आहेत, अशांसाठी हा लेख आहे. क्रम महत्त्वाचा: आधी वायर, मग चिप, मग ड्रायव्हर, मग वीजबचतीच्या सेटिंग, आणि शेवटी स्क्रूड्रायव्हर. ‘फॉरमॅट मारून बघू’ हे या यादीत कुठेही नाही.

आधी वायर

कार्डाला हात लावण्याआधी चालू असलेल्या मशीनची वायर काढून इथे लावा, आणि स्विचचं पोर्टही बदला. दोन मिनिटांचं काम आहे, तरी लोक ते सगळ्यात शेवटी करतात.

१०० मेगाबिटला वायरीतल्या आठ तारांपैकी चारच लागतात: १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या. गिगाबिटला आठही लागतात. म्हणून ४ किंवा ७ नंबरची तार जॅकमध्ये नीट दाबली गेली नसेल, तर नेट चालतं, लाइट लुकलुकतो, पण गिगाबिट कार्ड १०० वर येऊन बसतं. कधी १००० वर जायचा प्रयत्न करतं, हरतं, परत खाली येतं, आणि दरवेळी दोन-चार सेकंद नेट जातं. मालक म्हणतो ‘ड्रायव्हर खराब’. विंडोजमध्ये अडॅप्टरच्या स्टेटस खिडकीत ‘स्पीड’ पाहा. गिगाबिट कार्ड आणि गिगाबिट स्विच असून तिथे १०० एमबीपीएस दिसत असेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. जॅक कापून नवा जॅक तारांवर दाबून बसवा, म्हणजे क्रिंप करा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. स्वस्त वायरीत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. तार सुरीने खरवडल्यावर आत चंदेरी दिसली, तर ती लांबच्या अंतरासाठी वापरू नका.

‘स्पीड अँड डुप्लेक्स’ची सेटिंगही इथेच तपासा. फुल डुप्लेक्स म्हणजे एकाच वेळी पाठवणं आणि घेणं, हाफ म्हणजे आळीपाळीने. कोणीतरी कधीतरी उपाय म्हणून तिथे ‘१०० फुल डुप्लेक्स’ कायमचं ठोकलेलं असतं. समोरचा स्विच ऑटोवर असला तर त्याला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि नियमाप्रमाणे तो हाफ डुप्लेक्स धरतो. मग पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का, ही छोटी चाचणी) झकास जातं आणि मोठी फाइल पाठवायला घेतली की सगळं रखडतं. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा.

गावाकडे छतावरच्या रेडिओ अँटेनाने नेट येत असेल तर आणखी एक धोका. त्या अँटेनाला वीज लॅनच्या वायरीतूनच जाते, बऱ्याचदा २४ व्होल्ट. ती वीज वायरीत सोडणाऱ्या घरातल्या छोट्या डबीवर, म्हणजे इंजेक्टरवर, दोन पोर्ट असतात, ‘लॅन’ आणि ‘पीओई’ (वीज सोडणारं). पीसीची वायर चुकून ‘पीओई’ला गेली तर साधं इंजेक्टर काही विचारत बसत नाही, व्होल्टेज सोडून देतं. कार्ड जळू शकतं.

चिप कशी ओळखायची

विंडोजमध्ये स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ड्रायव्हर बसलेला नसेल तर कार्ड ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळ्या त्रिकोणासह दिसेल, नाव फक्त ‘इथरनेट कंट्रोलर’ किंवा ‘८०२.११एन’ असं काहीतरी. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि वरच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. स्लॉटमधल्या कार्डाला ‘व्हीईएन’ आणि ‘डीईव्ही’ या अक्षरांपुढे चार-चार अक्षरी क्रमांक दिसतील. यूएसबीच्या वस्तूला ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’पुढे. पहिला क्रमांक कंपनीचा, दुसरा चिपचा.

स्लॉटच्या कार्डांत १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, आणि ८०८६ म्हणजे इंटेल, आपल्याच जुन्या प्रोसेसरचा आकडा त्यांनी कंपनीचा क्रमांक म्हणून घेतलाय. रिअलटेकच्या पुढे ८१३९ असेल तर ते जुनं १०० मेगाबिटचं पीसीआय कार्ड. ८१६८ असेल तर पीसीआय एक्सप्रेसवरचं गिगाबिट. चिपवर मात्र ८१११ छापलेलं असू शकतं, गोंधळू नका. ८१२५ म्हणजे अडीच गिगाबिट.

यूएसबीत ०बीडीए हा रिअलटेकचा क्रमांक. त्यापुढे ८१५२ असेल तर १०० मेगाबिट, ८१५३ असेल तर गिगाबिट. ०बी९५ म्हणजे एसिक्स, आणि १४८एफ म्हणजे रालिंक, जी कंपनी २०११ मध्ये मीडियाटेकने घेतली. ०एफई६ आणि ९७०० ही जोडी दिसली तर कपाळाला हात लावा. ती दाविकॉमच्या जुन्या चिपची नक्कल. पाकिटावर ‘यूएसबी २.०, १०/१००’ असं लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात ती यूएसबी १.१ च्या वेगाने, म्हणजे कमाल १२ मेगाबिटने बोलते. हातातला वेळ घालवून कितीही ड्रायव्हर बदललेत तरी १२ चे १३ होणार नाहीत.

मशीन कार्ड दाखवतच नसेल तर चिपवर तिरका टॉर्च धरून फोनच्या कॅमेऱ्याने झूम करा. रिअलटेकच्या चिपवर खेकड्याचं चित्र असतं, तेवढ्यावरूनही ओळख पटते. छापील अक्षरं घासून काढलेली दिसली तर मालाची जात कळली.

मॉडेल नंबरही पुरेसा नसतो, हे डोंगल घेणाऱ्यांनी खास लक्षात ठेवावं. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, आणि लिनक्सवाले ती शोधून शोधून घेत. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची ८१८८ईयूएस आली. बाहेरून डोंगल तसंच, नाव तेच, ड्रायव्हर पूर्ण वेगळा. आवृत्ती मागच्या लेबलावर बारीक अक्षरांत ‘व्हर्जन’पुढे असते. ड्रायव्हर उतरवताना वेबसाइटवरही तीच निवडा.

८१३९ ची गोष्ट

नव्वदीच्या अखेरीस बिल पॉल याने फ्रीबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमसाठी रिअलटेक ८१३९ चा ड्रायव्हर लिहिला, आणि त्या कोडच्या वरच टिप्पणीत लिहून ठेवलं, की या कार्डाने ‘स्वस्त’ या शब्दाला नवा अर्थ दिला असून ही बहुधा आजवरची सर्वांत वाईट पीसीआय इथरनेट चिप असावी. राग सकारण होता. पाठवण्यासाठी चिपमध्ये फक्त चार बफर, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायच्या जागा, त्यांचे पत्ते चार बाइटच्या हद्दीवर जुळवलेले लागायचे. आलेला सगळा माल एकाच गोल बफरमध्ये ओतला जायचा, म्हणून प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला स्वतः उचलून दुसरीकडे ठेवावं लागायचं. चांगल्या कार्डात हे काम चिप करते. स्वस्त कार्ड ते तुमच्या प्रोसेसरच्या डोक्यावर टाकतं.

तरीही ८१३९ चालली, आणि दशकभर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या कॉम्प्युटर दुकानापर्यंत तीच खपली. क्यूईएमयूसारख्या आभासी मशीनमध्ये नकली ८१३९ आजही निवडता येते. कारण एवढंच, की तिच्या सगळ्या खोडी लोकांना ठाऊक झाल्या आणि प्रत्येक सिस्टीममध्ये तिचा ड्रायव्हर आला. स्वस्त कार्ड घेताना मी हेच पाहतो: चिप साधी असली तरी चालेल, ती ओळखीची हवी. खोड माहीत असलेल्या चिपवर उपाय सापडतो. घासलेल्या अक्षरांच्या चिपवर कोणाचंच काही चालत नाही.

विंडोजमध्ये ड्रायव्हर बसवणं

नेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट हवं, हे कोडं फोनने सुटतं. अँड्रॉइड फोन डेटा केबलने पीसीला लावा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोज १० आणि ११ फोनलाच नेटवर्क कार्ड समजून नेट घेतात, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. फक्त चार्जिंगचीच असलेली केबल चालणार नाही.

मग पहिल्यांदा विंडोज अपडेटला शोधू द्या, त्यातल्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्येही पाहा. तिथे नसेल तर लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या कंपनीची साइट. सुटं कार्ड असेल तर थेट चिपच्या कंपनीची साइट, रिअलटेक, एसिक्स वगैरे. खोक्यातली छोटी सीडी बाजूला ठेवा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ म्हणणारी सॉफ्टवेअरं मी कोणाच्याही मशीनवर टाकत नाही. ती ड्रायव्हर टाकतात, सोबत जाहिराती टाकतात, आणि चालू असलेला ध्वनीचा ड्रायव्हरही बदलून जातात.

आधीचा अर्धवट ड्रायव्हर असेल तर वर नवा चढवू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करताना ड्रायव्हरच्या फाइलीही काढण्याची खूण करा, मशीन रीस्टार्ट करा, मग नवा टाका. सेटअपची फाइल नसून नुसता फोल्डर मिळाला असेल, तर ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये ‘माझ्या कॉम्प्युटरवर शोधा’ या अर्थाचा पर्याय घेऊन तो फोल्डर दाखवा. विंडोजला त्यातली आयएनएफ फाइल हवी असते. फोल्डर ३२ बिटचा आणि विंडोज ६४ बिटची, ही जोडी जमत नाही.

प्रॉपर्टीजच्या पहिल्या पानावरचा कोड वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. सर्वांत सोपी केस. ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही. सही तपासणं बंद करण्याच्या क्लृप्त्या सांगणारे भरपूर भेटतील, त्यापेक्षा सही असलेला ड्रायव्हर शोधा. १० म्हणजे कार्ड सुरूच होत नाही. ड्रायव्हर चुकीचा असू शकतो किंवा चिप गेलेली. ४३ म्हणजे कार्डानेच बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं. यूएसबीची वस्तू असेल तर पोर्ट बदला, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टाऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टात लावा. दुसऱ्या मशीनवरही ४३ आला तर वस्तू मेली.

चालतं आणि मग तुटतं

हा सर्वांत छळणारा प्रकार, आणि यात बऱ्याचदा गुन्हेगार असते वीजबचत.

कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी कॉम्प्युटरला दिलेली असते, ती खूण काढा. मग ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ आणि ‘ग्रीन इथरनेट’ डिसेबल करा. कल्पना चांगली आहे, वायरीवर काम नसताना चिप डुलकी घेते. पण स्वस्त कार्ड आणि स्वस्त स्विच यांचं जागं होण्याच्या वेळेवर एकमत होत नाही आणि लिंक पडते. यूएसबी अडॅप्टर असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद करा. एकावेळी एकच सेटिंग बदला आणि अर्धा दिवस वापरून पाहा. सगळं एकदम बदललंत तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

वेब नीट चालतंय पण दुसऱ्या मशीनवर मोठी फाइल कॉपी करताना वेग कोसळतो, अशी तक्रार असेल तर त्याच पानावरचं ‘लार्ज सेंड ऑफलोड’ बंद करून बघा. मोठ्या डेटाचे तुकडे करायचं काम प्रोसेसरऐवजी चिपला देणारी ही सोय आहे, आणि स्वस्त चिपच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये ती नेमकी अडखळते. आजच्या प्रोसेसरला ते काम जड नाही.

दुसरी एक भुताटकी: संध्याकाळी मशीन बंद केलं, सकाळी कार्डच गायब. किंवा एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स आहेत, आणि विंडोजमधून लिनक्समध्ये आलं की लॅनचा लाइटही लागत नाही. विंडोजने बंद होताना चिपला गाढ झोपवलेलं असतं आणि ती उठत नाही. मशीन बंद करा, मागची पॉवर केबल काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग केबल लावा. एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, चिपला सतत मिळणारी थोडीशी वीज तुटली की ती भानावर येते. पुन्हा पुन्हा होत असेल तर पॉवर ऑप्शन्समधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, कारण ते चालू असताना ‘शटडाउन’ हे पूर्ण शटडाउन नसतं.

वायफाय डोंगल

‘ड्रायव्हरची गरज नाही’ असं लिहिलेलं डोंगल लावल्यावर वायफायऐवजी एक सीडी ड्राइव्ह दिसू लागते. घाबरू नका. विंडोजचा ड्रायव्हर त्या लटक्या सीडीत भरलेला असतो. तो चालवला की डोंगल रूप बदलून वायफाय कार्ड होतं. रिअलटेकच्या अशा डोंगलचा सीडी असतानाचा क्रमांक ०बीडीए आणि १ए२बी, म्हणून हा आकडा शोधून वायफायचा ड्रायव्हर सापडणार नाही. आधी रूप बदलू द्या, मग क्रमांक पाहा.

डोंगलची रेंज वाईट म्हणून ड्रायव्हर बदलत बसणारे पुष्कळ. आधी ते कुठे खोचलंय ते बघा. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो. इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर सविस्तर टिपण काढलं होतं. शेजारच्या पोर्टात यूएसबी ३ ची हार्ड डिस्क असेल आणि फाइल कॉपी सुरू झाली की वायफाय गळपटत असेल, तर कारण हेच. डोंगल काळ्या, म्हणजे बहुधा यूएसबी २ च्या पोर्टात लावा किंवा हातभर एक्स्टेन्शन वायरने लांब न्या. पत्र्याच्या कॅबिनेटमागे, भिंतीला चिकटून, टेबलाखाली लावलेल्या नखाएवढ्या डोंगलकडून तशीही फार अपेक्षा ठेवू नये.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात

टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय किंवा एलएसयूएसबी ही कमांड क्रमांक देते, डीमेसेज काय बिघडलं ते सांगते. लॉगमध्ये ‘नेटडेव्ह वॉचडॉग’ आणि ‘टाइम्ड आउट’ दिसलं, तर चिप पाठवता पाठवता अडकली असा अर्थ. रिअलटेक ८१६८ साठी कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आर८१६९ हा ड्रायव्हर आहे. कंपनीचा स्वतःचा आर८१६८ वेगळा मिळतो. पहिल्यावर त्रास असेल तरच दुसरा टाका, आणि दोन्ही एकदम चालू ठेवू नका. पीसीआय एक्सप्रेसची एएसपीएम नावाची वीजबचतही या चिपला बाधते, ती बायोसमधून (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमधून) बंद करून पाहता येते.

रिअलटेकच्या यूएसबी वायफाय चिपसाठी पूर्वी कुठून कुठून कोड आणून स्वतः बांधावा लागायचा आणि कर्नेल बदललं की तो मोडायचा. कर्नेल ६.२ पासून ८८२१सीयू, ८८२२बीयू यांसारख्या चिपचा ड्रायव्हर आतच आला आहे. जुन्या वितरणावर डोकं आपटण्यापेक्षा नवं कर्नेल घ्या. बाहेरचा ड्रायव्हर टाकायचाच असेल आणि तो बांधला जाऊनही लोड होत नसेल, तर सिक्युअर बूट तपासा. सही नसलेलं मॉड्यूल ते आत घेत नाही.

कॅबिनेट उघडल्यावर

पॉवर केबल काढा, बटण दाबून उरलेली वीज घालवा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. पीसीआय एक्सप्रेसचं छोटं कार्ड लांब स्लॉटमध्येही चालतं, त्यामुळे छोटा स्लॉट संशयास्पद वाटला तर ग्राफिक्सच्या रिकाम्या स्लॉटमध्ये लावून बघा.

स्वस्त कार्डाचा एक दोष सॉफ्टवेअरमधून कधीच सापडत नाही: मागचा पत्रा. तो एखाद-दुसरा मिलिमीटर वाकडा असतो. कार्ड स्लॉटमध्ये नीट बसतं, पण स्क्रू आवळताच पत्रा कार्डाला तिरकं करून एका टोकाने वर उचलतो. मग कार्ड कधी दिसतं, कधी नाही. वायर हलवली की मशीन अडकतं. स्क्रू न लावता चालवून पाहा. चालत असेल तर पत्रा पक्कडीने सरळ करा. ऑफिसातून निघालेल्या बारक्या सेकंडहँड मशीनना आखूड पत्रा लागतो, तो खोक्यात आहे का ते घेतानाच बघा.

कोकणात, गोव्यात किंवा पावसाळाभर बंद राहिलेल्या शाळेच्या लॅबमध्ये कार्डाचे सोनेरी दात काळवंडतात. पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापडाने पुसा, रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. लॅनच्या पोर्टात डोकावून आठही पिना एका रांगेत आहेत का पाहा.

ऑनबोर्ड लॅन विजेने उडाला म्हणून कार्ड टाकत असाल, तर मेलेला ऑनबोर्ड बायोसमधून डिसेबल करा. अर्धमेली चिप चालू राहिली तर मशीन सुरू व्हायलाच वेळ लावते किंवा नव्या कार्डाच्या आड येते. आणि ती वीज जिथून आली ती गच्चीवरून आलेली लांब वायर तशीच ठेवून नवं कार्ड लावलंत, तर पुढच्या वळवाला तेही जाईल. मधे एक स्वस्त स्विच टाका. गेला तर तो आधी जाण्याची शक्यता जास्त. ढग गडगडायला लागले की वायर काढून ठेवणं मात्र त्याहून भरवशाचं.

लाइट आहे, ड्रायव्हर आहे, नेट नाही

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही कमांड देऊन मशीनचा आयपी पत्ता पाहा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही. १२७.०.०.१ ला पिंग जातंय म्हणून कार्ड ठीक आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ते पिंग कार्डापर्यंत पोचतच नाही. राऊटरच्या पत्त्याला पिंग करा.

कार्ड बदलल्यावर नेट बंद झालं आणि केबलवाल्याची वायर थेट पीसीत येत असेल, तर दोष बहुधा कार्डाचा नाही. अनेक स्थानिक नेटवाले ग्राहकाच्या कार्डाचा मॅक पत्ता (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा क्रमांक) नोंदवून ठेवतात. फोन करून ‘मॅक रीसेट करा’ म्हणायचं, बस्स.

लॅबमध्ये एकाच गठ्ठ्यातले यूएसबी अडॅप्टर लावले आणि दोन मशीन आळीपाळीने नेट गमावू लागली, तर दोघांचा मॅक पत्ता ताडून पहा. आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल देतं. मघाच्या त्या दाविकॉमच्या नकलांत गठ्ठ्यातल्या सगळ्या नगांवर एकच मॅक पत्ता असल्याचं आढळतं, आणि राऊटर दोघांना एकच आयपी देतो. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर ‘नेटवर्क ॲड्रेस’मध्ये प्रत्येकाला वेगळा बारा अक्षरी पत्ता द्या, सुरुवात ०२ ने करा, तो गट हाताने दिलेल्या पत्त्यांसाठी मोकळा असतो. पत्ता सगळा शून्य दिसत असेल तर कार्डावरची स्मृती पुसली गेली आहे.

ठेवायचं की फेकायचं

आयपर्फ३ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर दोन मशीनवर टाकून घरातल्या घरात वेग मोजा; इंटरनेटच्या स्पीड टेस्टमध्ये केबलवाल्याचा वेगही मिसळलेला असतो. गिगाबिट कार्ड साधारण ९४० मेगाबिट देतं, १०० चं कार्ड ९४ च्या आसपास. यूएसबी २ वर लावलेलं ‘गिगाबिट’ अडॅप्टर तीनशेच्या आसपास अडकतं, तो दोष नव्हे, पोर्टाची मर्यादा.

मग चुका मोजा. विंडोजमध्ये नेटस्टॅट -ई, लिनक्समध्ये एथटूल -एस. आधी आकडे लिहून ठेवा, मोठी फाइल पाठवा, परत पाहा. सीआरसीच्या चुका (वाटेत बिघडलेला डेटा) वाढत असतील तर वायर, जॅक किंवा कार्डाचं पोर्ट; ड्रायव्हर निर्दोष. चुका शून्य आणि तरी कार्ड अडकतं, तर ड्रायव्हर किंवा वीजबचत. सुरुवातीला छान आणि भर कामात काही वेळाने हमखास बंद, पंखा समोर धरला की चालतं, तर उष्णता. यूएसबीच्या बंद प्लास्टिकच्या डबीत हे फार होतं.

वायर बदलली, पोर्ट बदललं, चिपच्या कंपनीचा ड्रायव्हर टाकला, वीजबचत काढली, दुसऱ्या मशीनवर लावून पाहिलं, आणि तिथेही तोच दोष आला, की थांबा. तीन-चारशेच्या कार्डासाठी दुसरा रविवार देऊ नका. ई-कचऱ्यात टाका, पुन्हा ड्रॉवरमध्ये नको, नाहीतर पुढच्या वर्षी तेच कार्ड कोणीतरी ‘स्पेअर’ म्हणून दुसऱ्या मशीनला लावेल.

नवं घेताना दुकानदाराला ब्रँड विचारू नका, चिप विचारा. डेस्कटॉपसाठी रिअलटेक ८१११ किंवा ८१६८ चं पीसीआय एक्सप्रेस कार्ड, लॅपटॉपसाठी यूएसबी ३ वरचं ८१५३. अडीच गिगाबिटचा स्विच घरात नसेल तर ८१२५ वर पैसे घालू नका. इंटेलची सर्व्हर कार्डं अर्ध्याहून कमी दरात दिसली तर सावध. चार पोर्टच्या आय३५० च्या नकला बाजारात मुबलक आहेत. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर समोरासमोर घेत असाल तर पाकीट उघडून चिप बघू द्यायला सांगा आणि बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन घेत असाल तर आलं त्याच दिवशी हार्डवेअर आयडी तपासा, परत करण्याची मुदत संपायच्या आत.